‘चांगला प्रयत्न’, दहापैकी सात

राजाभाऊ आगाशे जर्नल हातात घेऊन नुसतं तोलायचे आणि गुण द्यायचे. जाड असेल तर आठ, बेताचं असेल तर सात, कव्हरच नसेल तर पाच. रत्नागिरीच्या कॉलेजात भूगोल शिकवायला त्यांना सत्तावीस वर्षं झाली होती, आणि गणपतीच्या सुट्टीआधी साठ जर्नलांवर एका बैठकीत सह्या करून ते मोकळे व्हायचे. मुलांना हे माहीत होतं, ऑफिसला माहीत होतं, आणि खरं सांगायचं तर इतर प्राध्यापकही थोड्याफार फरकाने तेच करायचे. राजाभाऊंना त्याची लाज कधी वाटली नाही. उलट आपला हात बसलाय, असं ते चहा पिताना सांगायचे.

२००७च्या जूनमध्ये कॉम्प्युटर शिकवणाऱ्या ऋजुता मॅडमनी कॉलेजात मूडल आणलं. हे शिकवण्याचं सॉफ्टवेअर फुकटचं. कोणीही घ्यावं, आतलं उघडून आपल्या सोयीने बदलावं. ऋजुताने तर बटणांवरची नावंसुद्धा मराठीत केली. प्रत्येक विषयाचं पान, आपोआप तपासली जाणारी चाचणी, शंका विचारायचा फळा आणि गृहपाठाची पेटी. तारीख उलटली की पेटी आपली आपण बंद.

“फुकटचं ना? मग बेतास बातच असणार,” राजाभाऊ म्हणाले. पण एक गोष्ट त्यांना भलतीच आवडली. गृहपाठाच्या पानावर सगळ्या मुलांची नावं एकाखाली एक, नावापुढे गुणांचा चौकोन, त्यापुढे शेऱ्याचा. फाइल उघडायची सक्ती नाही.

“अगं ऋजुता, हे तर आमच्याच पद्धतीचं निघालं की!”

डिसेंबरात त्यांनी ‘आपल्या गावचं पाणी’ हा गृहपाठ दिला. चौसष्ट मुलांनी तो पेटीत टाकला आणि राजाभाऊंनी वीस मिनिटांत सगळ्यांना गुण दिले. जाडी तोलायची सोय नव्हती, म्हणून नाव वाचायचं आणि चेहरा आठवायचा. शमिका, पूर्णगडची, दुसऱ्या बाकावरची अबोल मुलगी. सात. शेरा, ‘चांगला प्रयत्न’.

मार्चमध्ये तपासणीला समिती यायची होती. आधी आपणच एकदा बघून घेऊ म्हणून प्राचार्यांनी ऋजुताला स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर अहवाल दाखवायला सांगितला. कोण कधी आलं, काय उघडलं, याची नोंद हे सॉफ्टवेअर ठेवायचं. ती फक्त मुलांचीच असते, असा राजाभाऊंचा समज. भिंतीवर ओळ उमटली: आगाशे, गुण दिले चौसष्ट, फाइली उघडल्या शून्य.

कोणी हसलं नाही, तेच जास्त लागलं. ऋजुताने घाईने पुढचं पान काढलं. राजाभाऊंचे कान तापले होते. “यंत्राचं काहीतरी चुकतंय,” ते म्हणाले, आणि आपण खोटं बोलतोय हे त्यांचं त्यांनाच ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ते लॅबमध्ये जाऊन बसले. हेतू काही थोर वगैरे नव्हता. समिती यायच्या आत ते शून्य पुसायचं होतं, बस्स. एकेक फाइल उघडत गेले. कोणाची विहीर, कोणाचा पावसाळ्यात वाहणारा पऱ्ह्या, कोणाच्या वाडीतला नळ. पोरांनी बरं लिहिलं होतं की! एकेचाळिसावी फाइल शमिकाची. तिच्यात पाणी नव्हतं.

‘सर, हा गृहपाठ नाही. तोंडाने सांगायचा धीर होत नाही म्हणून इथे लिहिते. जानेवारीत मला मुंबईला पाठवणार आहेत, वहिनीचं बाळंतपण आहे. एकदा गेले की कॉलेज सुटलं. तुमचे वडील पूर्णगडच्या शाळेत मास्तर होते, बाबा त्यांच्याकडे शिकले. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. एकदा बोलाल का?’

खाली राजाभाऊंनीच दिलेले सात गुण होते आणि शेरा होता.

ऑफिसात विचारलं, तर मुलगी जानेवारीपासून येतच नव्हती. शिमग्याला मुंबईची माणसं गावात येतात, तेव्हा राजाभाऊ एसटीने पूर्णगडला गेले. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवून ठेवली होती: कामाचा ताण, नवीन यंत्रणा, नजरचूक. शमिका दारातच भेटली, खांद्यावर भावाचं तान्हं मूल. तिने लगबगीने पाणी आणलं, वडिलांना हाक मारली. ओटीवर टेकल्यावर जुळवलेल्यातलं एकही वाक्य राजाभाऊंच्या तोंडून निघेना.

“शमिका, तुझं पत्र मी वाचलंच नव्हतं. न वाचता गुण दिले.”

ती थोडा वेळ बाळाचं टोपडं सारखं करत राहिली.

“मला वाटलं, वाचलंत,” ती म्हणाली. “पत्राला सात गुण, वर चांगला प्रयत्न. मी समजले, सरांना हे असलं लिहिलेलं आवडलं नाही. मग परत विचारायला तोंड राहिलं नाही. मला फार लाज वाटली, सर.”

राजाभाऊंना वाटलं, आता या ओटीवरून उठावं आणि कोणाला दिसू नये.

तिचे वडील, काशीराम, खांबाला टेकून ऐकत होते. “तेव्हा आला असतात तर थांबवली असती तिला. मास्तरांच्या मुलाला मी नाही म्हटलं नसतं.” आवाजात राग नव्हता.

“जूनमध्ये परत नाव घालू. मी स्वतः बघतो सगळं.”

“आता सून कामावर जाणार, सर. पोराला कोण बघणार?”

राजाभाऊ उठले. शमिका अंगणाच्या दगडी गडग्यापर्यंत सोडायला आली.

“बाकीच्यांचं वाचलंत का, सर?”

“वाचलं. सगळ्यांचं.”

“बरं झालं,” ती म्हणाली, आणि बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

त्यानंतर राजाभाऊ चार वर्षं कॉलेजात होते. गुण यायला महिना महिना लागायचा, मुलं कुरकुरायची, पण प्रत्येक फाइलखाली तिच्यातल्याच मजकुराबद्दल दोन ओळी असायच्या. निरोपाच्या समारंभात प्राचार्यांनी तेच सांगितलं: आगाशे सरांनी न वाचता एकाही उत्तराला गुण दिले नाहीत. टाळ्या पडल्या. ऋजुता समोरच्या रांगेत होती. टाळ्या थांबेपर्यंत राजाभाऊंनी मान वर केली नाही.