भिंतीवरचा ताजा रंग

बाजार असा बसला होता की घरांचे एजंट दुकानाला कुलूप लावून विमे विकायला लागले होते. आणि ह्या एजंट बाईंची घरं मात्र जात होती! आमच्या शिंपीमास्तरांना पहिली शंका आली ती इथंच. सगळ्यांचं अडलंय आणि हिचंच बरं चालतं? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय.

तरी किल्ली त्यांनी हिच्याच हातात दिली, कारण गरजवंताला अक्कल नसते. लेकीच्या आजारपणासाठी बायको परगावी जाऊन राहिली होती, आणि हे घर विकल्याशिवाय मास्तरांना तिकडं बिऱ्हाड करता येत नव्हतं. भांडायलासुद्धा घरात कोणी उरलं नव्हतं. बिचारे रेडिओशी वाद घालत बसायचे.

बाईंची तऱ्हाच न्यारी. एक तरुण जोडपं घर बघायला आलं, तर ह्या त्यांना थेट निजायच्या खोलीत घेऊन गेल्या. मास्तर स्वयंपाकघराच्या दाराआड कान लावून उभे.

"ही भिंत बघा. पावसाळ्यात हिला ओल येते. हात लावा, लाजू नका. आणि वरचं पोर रोज संध्याकाळी चेंडू आपटतं. एवढं चालणार असेल तरच बाल्कनी दाखवते."

मास्तरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही बया घर विकतेय की घराची अब्रू काढतेय? मग त्यांचं त्यांनाच उत्तर सापडलं. गिऱ्हाईक हिच्याच ओळखीतलं, भाव पाडायचा, मागून दोघांनी वाटून खायचं! त्यात जोडपं म्हणालं, "घर पसंत आहे. रविवारी आईला घेऊन येतो." झालं! ओल बघून कोणी घर पसंत करतं होय?

मास्तरांचा हात कुठला स्वस्थ बसतोय! उसवलेलं दिसलं की टाका घालायचा, हा जन्माचा धंदा. शनिवारी रंगाचा डबा आणला आणि भिंतीला दोन हात मारून टाकले. "आता पाड म्हणावं भाव!"

रविवारी मंडळी आली. तरुण कौतुकानं आईला आधी निजायच्या खोलीतच घेऊन गेला. "आई, ही बघ ती ओल..." समोर भिंत पांढरीधोप. त्यानं बोट लावलं, बोट पांढरं झालं.

मग आईनं हळूच विचारलं, "आणखी काय काय रंगवलंय?"

"अहो, तेवढंच! देवाशपथ तेवढंच!" मास्तर पुढं धावले. पण आता त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार? मंडळी आली तशी जिना उतरून गेली.

बाई रागावल्यासुद्धा नाहीत, तेच मास्तरांना जास्त लागलं. "ओल त्यांनी पत्करली होती, मास्तर," त्या म्हणाल्या. "हल्ली जो तो फसायला घाबरतो. म्हणून मी वाईट असेल ते आधी दाखवते, मग माणसं बाकीच्यावर विश्वास ठेवतात. दुसरं गिऱ्हाईक आणीन मी, पण आता वेळ लागेल. तोवर हा रंग खरवडून ठेवा."

बाई गेल्या आणि फोन वाजला. बायकोचा.

"काय हो, पडलं का घर पसंत? मी इथं तुमची खाटसुद्धा लावून ठेवलीय."

गिऱ्हाईकच लबाड निघालं, असं सांगायचं मास्तरांच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"पसंत पडलं होतं गं," ते म्हणाले. "मीच मोडलं."