कॅसेटमध्ये न मावलेली नऊ मिनिटं

ब्रेकबाईंना त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारणारं आता फारसं कुणी उरलेलं नाही. सत्तावीस वर्षं त्या ड्रायव्हिंग शिकवताहेत. शिकणाऱ्याच्या शेजारच्या सीटवर त्या मांडीवर पर्स घेऊन बसतात आणि त्यांच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. तो त्या कधी दाबतात, यावरून शिकणाऱ्याला आपली लायकी कळते. काहींसाठी वळणावर दाबतात, काहींसाठी गाडी सुरू व्हायच्या आधीच पाय तयार ठेवतात. एका बँकेच्या साहेबांना तर त्यांनी तोंडावर सांगितलं होतं, "तुम्ही रिक्षानेच जात जा, लोकांवर उपकार होतील." साहेब चिडले, पण दुसऱ्या दिवशी वेळेवर हजर झाले. बाईंच्या हाताखालून सुटलेला माणूस परीक्षेत पहिल्या फटक्यात पास होतो, हे सगळ्यांना माहीत होतं.

त्यांचं ऑफिस म्हणजे दहा बाय बाराची खोली. एक टेबल, तीन खुर्च्या, भिंतीवर रस्त्यावरच्या खुणांचा रंग उडालेला तक्ता. बायका शिकायला येत त्या बऱ्याचदा घाबरून. घरी नवरा म्हणालेला असे, तुला नाही जमायचं. अशा बाईला ब्रेकबाई आधी खुर्चीत बसवत, पाणी देत आणि एक गोष्ट सांगत. गोष्ट एका सिनेमाची होती, आणि त्यांची स्वतःचीही.

सिनेमा त्यांच्या तरुणपणीचा. त्यातली नायिका मोठ्या घरात दिलेली, नवऱ्याच्या शब्दाबाहेर नसलेली. तीन तास सोसते. शेवटी एक दिवस कमरेचा किल्ल्यांचा जुडगा जेवणाच्या टेबलावर ठेवते, नवऱ्याचीच गाडी फाटकाबाहेर काढते आणि निघून जाते. गाडी वळणावर दिसेनाशी होते. समाप्त. व्हिडिओ लायब्ररीतून ती कॅसेट बाईंनी अकरा वेळा आणली होती. अकराव्यांदा परत करायला गेल्या त्याच आठवड्यात त्यांनी चार वर्षांच्या मुलीचा हात धरला, एक बॅग उचलली आणि नवऱ्याचं घर सोडून थोरल्या बहिणीकडे गेल्या. गाडी नव्हती म्हणून बसने. "आणि मागे वळून पाहिलं नाही," असं म्हणून त्या समोरच्या बाईच्या हातात गाडीची किल्ली देत. एका चौकस बाईने एकदा विचारलं होतं, मग रिव्हर्स घेताना काय करायचं? रिव्हर्स हा वेगळा धडा आहे, असं बाईंनी तिला ऐकवलं होतं.

ही गोष्ट त्यांच्या मुलीने सगळ्यांत जास्त वेळा ऐकलेली. ती आता पस्तीसची, एका मोठ्या दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट. दोन वर्षांपूर्वी तिचं वरिष्ठांशी वाजलं, तेव्हा तिने तडकाफडकी राजीनामा दिला आणि बाईंनी शेजारीपाजारी पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. सव्वा महिन्याने ती त्याच दवाखान्यात परत रुजू झाली. तेव्हापासून जेवताना, कपड्यांच्या घड्या घालताना, कधीही, बाईंचं एक वाक्य ठरलेलं, "आपल्या घरात माघारी फिरायची पद्धत नाही बुवा." म्हणायच्या हसत हसत. मुलगीही हसायची आणि उठून दुसऱ्या खोलीत जायची.

तर या मुलीनेच एक दिवस बातमी आणली. गावातल्या एका थिएटरने सकाळच्या खेळाला जुने सिनेमे लावायचं ठरवलं होतं, प्रिंट साफसूफ करून, आणि रविवारी आईचा सिनेमा होता. मुलीचं स्वतःचं मत असं की आवडते जुने सिनेमे परत बघूच नयेत. लहानपणी जीव टाकला होता असे दोन तिने अलीकडे लावून बघितले, आणि पंधरा मिनिटांच्या वर तिला बसवेना. एकात नायक नायिकेच्या मागे मागे फिरून तिला नुसता पिडतो आणि त्याला प्रेम म्हणतात. ती म्हणाली, आठवणीत आहे तसाच राहू दे.

ब्रेकबाईंना हे सहन होणं शक्यच नव्हतं. चांगलं काम चांगलंच राहतं, त्याला कसली तारीख, असं त्यांनी छाती ठोकून सांगितलं. आजचा कुठलाही सिनेमा आणा आणि माझा आणा, बघूच कोण टिकतं. बोलण्याच्या भरात त्यांनी फोन काढला आणि जुन्या-नव्या विद्यार्थिनींना निमंत्रणं धाडली. अकरा जणी तयार झाल्या. गोष्ट त्या सगळ्यांनी ऐकली होती, सिनेमा एकीनेही पाहिला नव्हता.

गुरुवारी दुपारी कॅसेटवाले ऑफिसात आले. व्हिडिओ लायब्ररी बंद होऊन वीस वर्षं झाली, आता त्याच गाळ्यात ते मोबाईलची कव्हरं विकतात, तरी नाव कॅसेटवालेच राहिलं. हे गृहस्थ एरवी बोलायला लागले की थांबत नाहीत. त्या दिवशी मात्र खुर्चीच्या कडेवर बसले आणि तक्त्यावरच्या खुणा वाचायला लागले. मग हवेचा विषय काढला, मग गुडघ्यांचा. बाईंनी आयुष्यभर घाबरलेल्या माणसांना ओळखण्याचंच काम केलं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि सरळ विचारलं, काय झालंय.

"बाई, रविवारी जाऊ नका," कॅसेटवाले म्हणाले.

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्या काळी कोरी कॅसेट मिळायची तीन तासांची आणि सिनेमे बरेचदा त्याहून लांब असायचे. म्हणून प्रत उतरवताना कॅसेटवाले हातात रिमोट घेऊन बसत, आणि मारामारी आली, विनोदी आचाऱ्याची लुडबुड आली, की पॉज दाबून तेवढा भाग गाळत. सगळे लायब्ररीवाले असंच करत. गाण्याला हात लावायचा नाही, एवढाच नियम. बाईंचा सिनेमा होता तीन तास नऊ मिनिटांचा. त्या दिवशी ते रिमोट घेऊन बसले आणि सिनेमात असे काही गुंतले की बटण दाबायचं साफ विसरले. मारामारी आली, आचारी आला, सगळं जसंच्या तसं उतरलं. नायिकेची गाडी वळणावर पोचली आणि कॅसेट संपली. त्याच कॅसेटवरून त्यांनी पुढे चार प्रती काढल्या. कुणी तक्रार घेऊन आलं नाही. वळणावर गाडी दिसेनाशी होणं हा शेवट लोकांना पुरेसा वाटला.

बाईंनी विचारलं, उरलेल्या नऊ मिनिटांत काय आहे? कॅसेटवाल्यांनी चष्मा काढून पुसला. तुमचं बघून कितीतरी जणी गाडी शिकल्या, तुमच्या मुलीसमोर कशाला ते, एवढंच म्हणाले. इतक्यात शिकायला आलेली बाई दारात उभी राहिली, तेव्हा सुटका झाल्यासारखे ते उठून गेले.

त्या तासाला ब्रेकबाईंनी एकदाही ब्रेक दाबला नाही. शिकणारी खूश झाली. तिला काय ठाऊक, बाईंचं लक्षच नव्हतं. नऊ मिनिटांत काय असणार याचा अंदाज त्यांना आला होता. त्या काळचे सिनेमे त्यांनी काही कमी पाहिले नव्हते. पोट दुखतंय म्हणून सांगावं, सगळ्यांना परस्पर कळवून टाकावं, असंही त्यांच्या मनात आलं. तीन दिवस त्यांचा जीव टांगणीला लागला. पण आपण सिनेमाला घाबरून घरी बसलो, हे त्यांना स्वतःशीसुद्धा कबूल करवेना. रविवारी सकाळी त्या इस्त्रीची साडी नेसून सगळ्यांच्या आधी थिएटरच्या पायऱ्यांवर उभ्या होत्या.

सिनेमा सुरू झाला आणि पहिला तासभर मुलीचीच सरशी होत होती. नायकाच्या पँटच्या पायात दोन माणसं सहज मावली असती. ठोसा बसायच्या आधीच ठोशाचा आवाज यायचा. विनोदी आचारी खरोखरच असह्य होता. हा गाळायचा राहून गेल्याबद्दल कॅसेटवाल्यांना जाब विचारायला हवा, असं बाईंना प्रामाणिकपणे वाटलं. अकरा जणी खुदुखुदू हसत होत्या. मुलगी पॉपकॉर्न खात आईकडे तिरक्या नजरेने बघत होती.

पण मध्यंतरानंतर जेवणाच्या टेबलाचा प्रसंग आला. नवरा पाहुण्यांसमोर बायकोच्या अडाणीपणाचे किस्से सांगतोय, पाहुणे हसताहेत आणि ती वाढतेय. कुणी रडत नाही, मागे संगीत नाही. नुसता वाटीवर डाव लागल्याचा आवाज. थिएटरमध्ये कुणी हसेना. पलीकडच्या खुर्चीतल्या एका विद्यार्थिनीने पदर तोंडाला लावला. मुलीचा हात पॉपकॉर्नच्या पुड्यातच राहिला. बाईंनी तिच्याकडे बघितलं नाही, पण त्यांची मान ताठ झाली. हा प्रसंग टिकला होता. उद्याही टिकला असता.

मग किल्ल्या टेबलावर आल्या. नायिका गाडीत बसली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच बाईंच्या लक्षात आलं, की ही बया सरळ रस्त्यावर उगाचच स्टीअरिंग डावीउजवीकडे फिरवतेय आणि पहिल्या गिअरवरच निघालीय. परीक्षेत नापास झाली असती. गाडी फाटकातून गेली, वळणावर पोचली, दिसेनाशी झाली. अकरा जणींनी टाळ्या वाजवल्या. दोघी उठायलाही लागल्या.

पडद्यावर समाप्त आलं नाही. वळणापलीकडे गाडी थांबली होती. नायिका डोकं टेकून रडत होती. एका म्हाताऱ्याने येऊन तिला चार गोष्टी सांगितल्या, तिने गाडी वळवली, फाटकातून आत घेतली, आणि नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवलं. त्याने मोठ्या मनाने तिला उठवलं. किल्ल्यांचा जुडगा परत तिच्या कमरेला गेला आणि सनई वाजली.

दिवे लागले. अकरा जणी एकमेकींकडे बघत, बाईंकडे न बघता, बाहेर चहा घेऊ म्हणत निघून गेल्या. रांगेत दोघीच उरल्या. झाडूवाला मागच्या रांगेतून पुडे गोळा करत येत होता.

आईला चिडवायची इतकी मोठी संधी मुलीला जन्मात पुन्हा मिळाली नसती, आणि ती तिने सोडली. तिने सावकाश विचारलं, "आई, कॅसेट नऊ मिनिटं लांब असती, तर तू परत गेली असतीस का?"

नाही म्हणणं अगदी सोपं होतं. ओठांवरही आलं होतं. एकतीस वर्षं तेच सांगत आल्या होत्या, त्यावर ऑफिस उभं होतं, बायकांना धीर येत होता. पण शेजारी बसलेल्या मुलीने चेष्टेने विचारलं नव्हतं, आणि बाईंना तिच्याशी खोटं बोलवेना.

"मी परत गेले होते," त्या म्हणाल्या.

मुलगी वळून बघायला लागली.

"आठव्या दिवशी. तुला मावशीकडे ठेवलं आणि बॅग घेऊन गेले. सगळं कबूल करायच्या तयारीने गेले होते, खरं सांगते. त्यांनी दार उघडलं. म्हणाले, आलीस, बरं झालं, दूधवाल्याला सांग उद्यापासून पुन्हा एक लिटर. आणि आत जाऊन पेपर वाचायला लागले." पुढचं सांगावं की नाही, हे त्यांनाच ठरवता येत नव्हतं. "तू कुठे आहेस ते त्यांनी विचारलं नाही. मी दारातच उभी राहिले. म्हटलं, आत्ता विचारतील. पेपरची दोन पानं उलटली. मग मी बॅग उचलली."

मुलीने वडिलांना त्यानंतर दोनदाच पाहिलं होतं, त्यामुळे तिला धक्का वगैरे बसला नाही. पण डोळे भरून आले. तिने ते पुसलेही नाहीत.

"हे कुणालाच माहीत नाही?"

"मावशीला. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही, पण मला बॅगेसकट परत आलेलं बघितलं तिने." बाईंनी पडद्याकडे हात केला. आवाजात त्यांचा नेहमीचा ठसका परत आला होता. "पिक्चर खोटा नाही, एवढं ऐकून ठेव. बाई अशीच वळते, मी वळले. फक्त ह्या लोकांनी फार लवकर संपवला. सनई वाजल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात काय झालं, ते दाखवायला हवं होतं. मग बघितलं असतं, कोण टिकतं."

मुलगी हसली. झाडूवाला त्यांच्या रांगेपाशी येऊन थांबला, त्याने दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि पलीकडच्या रांगेत गेला.

"मी दवाखान्यात परत गेले ना, त्या दिवशी गेटबाहेर अर्धा तास उभी होते," मुलगी म्हणाली. "आत जाऊ की नको. मला वाटत होतं, तुझी मुलगी असून मी अशी कशी. तेव्हा मला हे सांगायला हवं होतंस, आई."

ब्रेकबाईंनी आयुष्यात माफी मागितल्याचं कुणाला आठवत नाही. त्यांनी मुलीचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि धरून ठेवला.

"हो," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी सांगायला हवं होतं. चुकलं माझं."