साहेब, मुंगूस जाळं फाडत नाही!

भूमच्या एसटीत बसून लिहितेय. पिशवीत पाणमांजराची विष्ठा आणि मांडीवर फाटकं जाळं आहे. हसा खुशाल!

विष्ठेतल्या डीएनएवरून सीना नदीत कोणत्या जातीचं पाणमांजर आहे ते कळतं. हा संरक्षित प्राणी इथं आहे हे सिद्ध झालं, तर इथला वाळूउपसा अडवता येईल.

मागचा नमुना वाया गेला. मासे धरणाऱ्या भीमाकाकांनी तो नदीत स्वच्छ धुऊन दिला होता! डीएनए गेला वाहून, अहवाल आला कोरा. वनखात्याचे साहेब म्हणाले, "दुष्काळी भागात कसली पाणमांजरं? मुंगूस असेल."

आज सकाळी काकांनी मला थेट विष्ठा पडलेल्या खडकावरच नेलं. "तवा वाटलं, घाण तशीच कशी द्यावी पोरीच्या हातात? आज म्या हात लावला न्हाय."

मी नमुना बाटलीत भरला. मग त्यांनी हे जाळं पुढं केलं. "हे टाक साहेबाच्या टेबलावर. इचार, मुंगूस जाळ्यातले मासे खातंय का?"

"काका, पाणमांजर तुमचंच नुकसान करतंय. तरी वाचवायचं?"

"त्यानं जाळं फाडलं. वाळूवाल्यांनी नदीच नेली."

आता नमुना प्रयोगशाळेत जाईल आणि जाळं साहेबांच्या टेबलावर. माशांचा वास सुटेल, सुटू दे. कोण येतंय सोबत?