सिनेमात रडलेले भाऊजी आणि चौथ्या मजल्यावरची रिकामी खोली

रसिकाताई, माझी मावसबहीण, दुबईतल्या एका शाळेत शिकवते. फेब्रुवारीत तिचा फोन आला. "आमच्या शाळेतली शिक्षिका लिंडिवे वर्णभेदावरचे सिनेमे दाखवणार आहे. तू इतिहास शिकवतेस ना, मग ये." लिंडिवे दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गची, कृष्णवर्णीय. मी व्हिसा काढला आणि पुण्याहून निघाले.

जाणार असाल तर फेब्रुवारीच गाठा, हवा झकास असते. विमानतळावरून मेट्रोने बर दुबईला येता येतं. ताईचं घर मीना बाजारच्या मागे. कोपऱ्यावरचा कडक चहा दीड दिरहॅम, म्हणजे पस्तीसेक रुपये. "इथे रुपये मोजत बसलीस तर उपाशी राहशील," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छोट्याशा हॉलमध्ये पहिला सिनेमा होता. गोऱ्यांच्या सरकारने एका वस्तीतून हाकलून दिलेली मुलगी म्हातारपणी तिथे परत येते आणि मोकळ्या मैदानात पावलं टाकत आपलं घर शोधते. इथे चूल होती, इथे आई झोपायची. शेजारी बसलेले भाऊजी चक्क रडत होते. दिवे लागल्यावर त्यांनी माइक घेतला. "आम्हा भारतीयांना हे दुःख कळतं." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.

नंतर आम्ही सगळे थाळी खायला गेलो. लिंडिवे सहज म्हणाली, "तुमच्या बिल्डिंगमधली खोली भाड्याने द्यायची आहे ना? मला हवी आहे." ती चौथ्या मजल्यावरची खोली भाऊजींच्या मित्राची. भाडेकरू शोधायचं काम भाऊजींकडे होतं.

"अरे, ती कालच गेली," भाऊजी म्हणाले.

त्यांची नऊ वर्षांची इरा मान वर करून म्हणाली, "बट बाबा, इट्स एम्प्टी. वी हॅव द की."

लिंडिवेने नॅपकिनची नीट घडी घातली, थँक यू म्हटलं आणि उठून गेली.

गाडीत मी विचारलं, "खोटं का बोललात?"

"फॅमिली बिल्डिंग आहे. शेजारी काय म्हणतील?"

"तासाभरापूर्वी रडत होतात ना?"

"सिनेमा वेगळा. खलास, विषय बंद." ताई खिडकीबाहेर बघत राहिली. माझं डोकं तापलं होतं.

सकाळी मी लिंडिवेला भेटले. खाडी ओलांडायला एका दिरहॅममध्ये अब्रा नावाची लाकडी होडी मिळते, त्यात बसलो. मी माफी मागितली.

"माझ्या आजीचं घर पाडलं तेव्हा तिला निदान कायदा दाखवला होता," ती म्हणाली. "मला हसून सांगतात, खोली गेली. पुण्यात मला खोली मिळेल?"

दोन वर्षांपूर्वी एका सुदानी विद्यार्थिनीने आमच्या सोसायटीत फ्लॅट मागितला होता. 'परदेशी भाडेकरू नकोत' या ठरावाला मीही हात वर केला होता. रागावायला भाऊजी सोयीचे होते.

त्या संध्याकाळी ताईने भाऊजींना न विचारता त्यांच्या मित्राला फोन केला. त्याची काहीच हरकत नव्हती. पण लिंडिवेने नको म्हणून कळवलं. तिने शेजारच्या शारजा शहरात, रोल्ला भागात खोली घेतली. तिथून शाळेत पोचायला तिला ट्रॅफिकमध्ये दीड तास लागतो.

पुण्यात परतल्यावर मी सोसायटीच्या सेक्रेटरींना म्हटलं, तो ठराव रद्द करा.

"मॅडम, आता कोण आलंय मागायला?"

बैठकीत मी विषय मांडला. बाजूने एकच हात वर गेला, माझा. ठराव अजून तसाच आहे. त्या मुलीला शोधून निदान माफी मागावी असं रोज वाटतं. पण तिचं नाव मला माहीत नाही. मी विचारलंच नव्हतं.