बेअरिंगला लावलेला कान

रोज सकाळी दात घासायच्याही आधी मोठे काका स्क्रूड्रायव्हर घेऊन फ्रिजच्या मागे जायचे. टोक खालच्या काळ्या डब्यावर टेकवायचं, लाकडी मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि डोळे मिटायचे. तोवर घरातल्यांनी श्वासही जपून घ्यायचा. मग डोळे उघडून ते निकाल द्यायचे, "ठीक आहे. मांजरासारखा झोपलाय." त्यानंतर पाण्याच्या पंपाची पाळी, त्यानंतर काकूच्या शिलाई मशीनच्या मोटरीची. इतकी वर्षं तपासणी चालली, पण बिघाड होण्याआधी तो त्यांना ऐकू आला असं एकदाही झालं नाही. बिघाड झाल्यावर मात्र ते दरवेळी म्हणायचे, "मला कालच शंका आली होती."

धरणाच्या पायथ्याच्या वीजघरात ते पाळीप्रमुख होते. निवृत्त झाल्यावर त्यांना एक भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि गावभर सांगायला एक विषय मिळाला. इमारतीत सगळे त्यांना 'पॉवरहाऊस' म्हणत. ते कौतुक आहे असा त्यांचा समज होता. तो कोणी मोडला नाही, कारण मोडायचा तर त्यांच्याशी तासभर बोलावं लागलं असतं.

त्यांना बोलता मात्र यायचं, हे मान्य करायला हवं. मी लहान असताना ते दिव्याकडे बोट दाखवून विचारायचे, "हे काय आहे?" मी म्हणायचे, "उजेड." ते म्हणायचे, "चूक. हे पाणी आहे." आणि मग ते पाणी डोंगरावरून कसं उतरतं, पोलादी नळातून कसं कोसळतं, चाकाची पाती कशी फिरवतं, चाकाचं फिरणं तारेत शिरून कसं गावात येतं आणि कुणाच्या इस्त्रीत ऊब होतं, कुणाच्या पंख्यात वारा होतं, हे ऐकताना मला खरोखर भिंतीच्या आत पाणी वाहतंय असं वाटायचं. "ऊर्जा मरत नाही, पोरी. कपडे बदलते फक्त." मग ते माझे तळवे एकमेकांवर घासायला लावायचे. "तापले? तुझं हलणं होतं, त्याची ऊब झाली." एवढं सुंदर सांगणारा माणूस लबाड असू शकतो हे कळायला मला फार उशीर लागला.

काकूला ते लवकर कळलं होतं. पंप बंद असेल तेव्हा ती खालच्या नळावरून बादल्या भरून जिने चढायची. वरच्या पायरीवर काका उभे असायचे. बादली घ्यायला नव्हे, समजावून सांगायला.

"पाणी वर चढवलं ना, की त्यात शक्ती साठते. धरणाचं तत्त्व हेच."

"कुणाची शक्ती?" काकू धापा टाकत विचारायची.

"कुणाची म्हणजे? निसर्गाची."

"निसर्गाचे गुडघे दुखत नाहीत वाटतं. आणि तो स्क्रूड्रायव्हर एकदा माझ्या पाठीला लावून बघा, काय ऐकू येतंय ते."

काका हसायचे. चांगला विनोद त्यांना आवडायचा, फक्त त्याचा अर्थ आपल्यापर्यंत येऊ द्यायचा नाही एवढंच त्यांचं पथ्य.

माझे बाबा त्यांचे धाकटे भाऊ. त्याच वीजघरात, त्यांच्याच पाळीत, यंत्राशेजारी उभं राहून देखरेख करणारे मदतनीस. थोरल्याने लावून दिलेली नोकरी म्हणून थोरल्यापुढे मान खाली. घरी 'दादा', कामावरही 'दादा'. हीच चूक होती. नुसते साहेब असते तर बाबा कदाचित आणखी एकदा बोलले असते.

झालं ते असं. चाकाचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो त्यात तेल असतं, आणि ते तेल थंड ठेवायला भोवती पाणी खेळवलेलं असतं. ते किती तापलंय हे शेजारच्या तबकडीवरचा काटा दाखवतो. त्या पाण्याच्या वाटेवरची जाळी पानांनी तुंबली. बाहेर लख्ख दुपार होती. यंत्रघर बघायला एका कॉलेजची मुलं आली होती आणि काका त्यांना आपला खेळ दाखवत होते. बेअरिंगला स्क्रूड्रायव्हर, मुठीला कान, डोळे मिटलेले. बाबा जवळ येऊन हळूच म्हणाले, "दादा, काटा चढतोय."

काकांनी डोळेसुद्धा उघडले नाहीत. "काटा खोटं बोलतोय. यंत्र मांजरासारखं झोपलंय."

"जाळी बघून येऊ का? की थांबवायचं?"

"पाहुणे गेले की बघ." मग मुलांकडे वळून ते म्हणाले, "नवशिके काट्याकडे बघतात. मुरलेला माणूस ऐकतो."

मुलं हसली. बाबा मागे सरले. जाळी खालच्या मजल्यावर होती, आणि जागा सोडू द्यायचा काय, यंत्र थांबवायचा काय, अधिकार पाळीप्रमुखाचा होता. बेअरिंगच्या आतलं धातूचं अस्तर वितळायला लागलं की ओरडत नाही, असं बाबा मला नंतर म्हणाले. मऊ पडलेला धातू दांड्याला मायेनं धरतो, म्हणून तेवढा वेळ आवाज उलट गोडच येतो. काका तो गोड आवाज मुलांना एकेक करून ऐकवत होते. शेवटच्या मुलीच्या हातात मूठ असतानाच धूर निघाला.

डोंगरावरून आलेलं पाणी त्या दुपारी उजेड झालं नाही, वारा झालं नाही. ते घासणं झालं, ताप झालं आणि जळक्या तेलाचा वास झालं. तळवे घासायला लावणाऱ्या माणसाने याबद्दल मला कधी काही शिकवलं नाही.

चौकशीत काका म्हणाले, मदतनिसाने काटा सांगितलाच नाही. बाबांना विचारलं तेव्हा ते समोरच्या खुर्चीतल्या भावाकडे बघत राहिले. त्यांना वाटलं, दादा आत्ता बोलेल. गप्प बसणं म्हणजे कबुली, असं त्या खोलीतल्या सगळ्यांनी धरलं. बाबांची नोकरी गेली. काकांना पुढे पाळीप्रमुखांचाही प्रमुख केलं.

त्यानंतर बाबांनी एका अरुंद गाळ्यात मिक्सर, इस्त्र्या, पंखे दुरुस्त करायचं दुकान काढलं. काका संध्याकाळी तिथे जाऊन बसायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "मीच शिकवलंय याला." हे ऐकताना बाबा सोल्डरिंगच्या धुरात डोळे बारीक करायचे. डोळे धुराने बारीक होतात की कशाने, हे गिऱ्हाइकाला कळायचं कारण नव्हतं.

"तुम्ही ऐकून कसं घेता?" मी एकदा विचारलं.

"त्याने एकदा म्हणावं," बाबा म्हणाले. "चार माणसांत नाही म्हटलं तरी चालेल. 'तू सांगितलं होतंस.' बस्स."

माझ्या मते हे फारच स्वस्त होतं. काकांना तेही महाग पडलं.

संधी चालून आली होती, तीही चहाच्या कपासकट. वीजघराचं जुनं यंत्र खोलून पुन्हा उभं करायचं ठरलं, आणि ते यंत्र ज्यांच्या हाताखालून गेलं होतं अशी माणसं तिथे हवी होती. एक तरुण इंजिनिअर आमच्या काकांकडे आला. बाबांनी तिथे पुन्हा उभं राहावं अशी त्याची इच्छा होती, फक्त वरच्यांना जुन्या प्रकरणाची खात्री हवी होती. बाबा त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट घालून आतल्या खोलीत बसले होते. मी दारात होते.

"त्या वेळी नेमकं काय झालं होतं?" इंजिनिअरने विचारलं. "तुम्ही तिथे होतात. तुमचा शब्द पुरे आहे."

काकांनी कप खाली ठेवला. फ्रिज तेवढ्यात गुरगुरून चालू झाला आणि ते त्या बाजूला कान देऊन बसले.

काकू म्हणाली, "फ्रिज कुठे जात नाही. बोला."

"मुलगा चांगला आहे," काका म्हणाले. साठीकडे झुकलेल्या बाबांना ते मुलगा म्हणाले. "मेहनती. प्रामाणिक. फक्त काट्याकडे लक्ष जरा कमी असायचं. आता वयानुसार सुधारला असेल. मी सांगतो, घ्या त्याला."

अशी शिफारस करायलाही अंगात कसब लागतं. इंजिनिअर मान डोलावत उठला, आणि पुन्हा आला नाही. आतल्या खोलीत बाबा शर्टाची बटणं काढत होते. काकूने काकांचा अर्धा राहिलेला चहा त्यांच्यादेखत मोरीत ओतला.

"अगं, संपला नव्हता!"

"ऊर्जा मरत नाही ना? जाईल कुठेतरी."

त्यानंतर तिने स्टोव्ह, बादली, भांडी यांखेरीज त्यांच्याशी फारसं काही बोलणं ठेवलं नाही. बाबा मात्र जात राहिले. काका अंथरुणाला खिळले तेव्हा रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी त्यांना पुसायला, कूस बदलायला, औषध द्यायला. मला बाबांचा संताप यायचा. वाटायचं, ही सेवा नाही, अजून त्या चौकशीच्या खोलीतच बसलेत हे, समोरच्या खुर्चीकडे बघत. मी तसं बोलूनही दाखवलं. बाबा म्हणाले, "असेल."

काका पडल्यापडल्याही स्क्रूड्रायव्हर उशीजवळ ठेवायचे. फ्रिजपर्यंत जाता येईना, तर पलंगाच्या लोखंडी पायाला लावून इमारतीच्या पंपाचा अंदाज घ्यायचे. माणसं खोलीत येत-जात, त्यांचं काय चाललंय हे त्यांनी कधी विचारलं नाही.

शेवटच्या सकाळी त्यांचं अंग भाजत होतं. बाबांनी काखेत थर्मामीटर लावलं, थांबले, काढलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. काकू पाणी घेऊन उभी होती. मी पलंगाच्या पायथ्याशी होते. या वेळी बाबांनी कुणाची परवानगी विचारली नाही. खिशातून फोन काढला, रुग्णवाहिका मागवली, पत्ता नीट दोनदा सांगितला. गाडी आली, काकांना खाली नेलं, आणि त्यानंतर ते शुद्धीवर आले नाहीत.

फोन करायच्या आधी, थर्मामीटर हातात धरूनच, बाबा पलंगाकडे वळले होते. त्यांचा आवाज मी तोवर कधी ऐकला नव्हता इतका साधा होता.

"दादा, पारा चढलाय."

काकांनी डोळे मिटलेलेच ठेवले. आम्ही तिघं थांबलो. भिंतीपलीकडे फ्रिज चालू झाला.

"थर्मामीटर बिघडलंय तुझं," ते म्हणाले. "दुसरं आण."