नोंदी आत जातात, बाहेर येतात का?

मंडळी, आज किहीमच्या घरी सकाळपासून एकच उद्योग केला. माझ्या लिनक्सच्या संगणकावर नोंदी मांडायला आउटलाइनर निवडत होतो. म्हणजे मुद्दा, पोटमुद्दा, त्याखाली आणखी पोटमुद्दा अशी उतरंड लावून देणारं सॉफ्टवेअर. माझ्या संस्कृत पाठांच्या सगळ्या नोंदी ज्या जुन्या प्रोग्रॅममध्ये आहेत, तो आता कोणी सांभाळत नाही. पुढच्या अपडेटनंतर उघडेलच, असं नाही.

पहिला उमेदवार देखणा निघाला. अर्ध्या नोंदी त्यात भरल्याही.

आमच्या सौ. माहेरच्या रेवस बंदरावरच्या. चहा ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, भरताय ते ठीक, पण काढणार कसं? आमच्याकडे लाँचमध्ये चढायच्या आधी परतीची शेवटची किती वाजता ते विचारतात. तुमच्या शास्त्रात नाही वाटतं?"

शास्त्रात नव्हतं. एक्स्पोर्ट करून पाहिलं, तर सूत्र, भाष्य आणि माझी शंका तिघंही एकाच पंगतीला बसलेली. कोण कोणाखाली, काही पत्ता नाही.

दुसरा दिसायला रुक्ष आहे, पण सगळी उतरंड साध्या मजकुरात जशीच्या तशी परत देतो. तोच ठेवला.

तुम्ही नोंदी कशात ठेवता, ते सावकाश सांगा. त्यातून बाहेर काढून कधी पाहिल्यात का, ते आधी सांगा.