मी कोच बघायला गेले होते

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या सगळ्याजणी. नंतर चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही! उभं आयुष्य शिट्टी फुंकण्यात घालवलेल्या बाईनं असा काही घोळ घालून ठेवलाय, की अजून बार्शी रोडला गाडी वळली तरी माझे कान तापतात.

तुम्हाला माहीतच आहे, मी शाळेत पी.टी. शिकवते. अक्कलकोट रोडकडची आमची मुलींची शाळा. बहुतेकींचे आईबाप एमआयडीसीत लूमवर. पोरी काटक, आणि उड्या? विचारू नका! तरी व्हॉलीबॉलमध्ये आमचा संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत घरी. यंदाही तेच झालं. शेवटचा बॉल आमच्या दोन पोरींच्या मधोमध पडला. अगदी मधोमध! दोघी नुसत्या बघत राहिल्या. बॉल टप्पे खात खात आला तो थेट माझ्या पायाशी.

झालं, माझा पारा चढला.

"काय गं, दर्शन घेत होता का त्याचं?"

कॅप्टन रडवेली होऊन म्हणाली, "बाई, मला वाटलं ती घेईल."

दुसरी म्हणाली, "मला वाटलं, ही घेईल."

"गप्प! एक शब्द नकोय मला!"

पण घरी आल्यावर चैन पडेना. खरंच सांगते. पोरी जीव तोडून खेळल्या होत्या. मग कमी कोण पडलं? त्यांना शिकवणारी मी. मी जे शिकले ते माझ्या कॉलेजात, आणि त्यानंतर शिट्टी बदलली, बाकी काही बदललं नाही. त्या दिवशी ठरवलं, आता लाज सोडायची. चांगले कोच शोधायचे, मोठ्यातले मोठे आणि गल्लीतलेसुद्धा, आणि त्यांच्याकडून शिकायचं.

सुरुवात मोठ्यापासून केली. एका नावाजलेल्या सरांचं शिबिर होतं. फोन करून गेले. हीच माझी चूक! तिथं स्टेज, बॅनर, शाल, श्रीफळ, आणि वर भाषणसुद्धा मलाच करायला लावलं. पोरं रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. बॉल काही पिशवीतून बाहेर आला नाही. मग एका कॉलेजात गेले. तिथंही आधी सांगितलं होतं. सगळी पोरं इस्त्रीच्या ट्रॅकसूटमध्ये, आणि जो तो मला स्मॅश मारून दाखवतोय. अशानं कोण काय शिकणार?

मग मी माझा नियम केला. कोचला न सांगता जायचं. आधी आजूबाजूला चौकशी करायची, माणूस कसा आहे ते जाणून घ्यायचं, मग लांबून बघायचं. कसा वाटला नियम? चांगला वाटला ना? मलाही चांगलाच वाटला होता.

तेवढ्यात कानावर आलं, वैरागच्या अलीकडं एका गावात दीपाली नावाची पोरगी आहे. स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली. गावातल्या मुलींना फुकट शिकवते, आणि तिच्या पोरी बॉल म्हणून जमिनीवर पडू देत नाहीत. म्हटलं, हीच!

रविवार होता. आमचा अजिंक्य घरीच होता. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर आहे तो, लग्नाचा राहिलाय. त्याला म्हटलं, "चल, गाडी काढ. आणि जरा बरा शर्ट घाल. कोचकडं जायचंय, असं गबाळ्यासारखं नको." बिचाऱ्यानं इस्त्रीचा गुलाबी शर्ट घातला. मी पिशवीत चादर घेतली, आपल्या सोलापूरची. वर एक खण, नारळ आणि कुंकवाची पुडी. तिच्याकडून काही शिकले तर रिकाम्या हातानं कसं यायचं? माणसाचा मान करायला नको?

गावात शिरलो. वेशीपाशी किराणा दुकान. माझी चौकशी सुरू झाली.

"दीपाली म्हणून मुलगी आहे ना हो इथं? कशी आहे?"

दुकानदारानं आधी माझ्याकडं बघितलं, मग गुलाबी शर्टाकडं. लगेच खुर्ची पुढं केली. "बसा की ताई! पोरगी लई गुणाची. गिरणीवाल्या आबांची."

"स्वभावानं कशी आहे? चिडकी वगैरे?"

"छ्या! आवाज मोठा हाय जरा, पन मनात काय न्हाय."

"आवाज मोठाच पाहिजे," मी म्हटलं. "उंची?"

"तुमच्या पोराच्या कानाला लागंल."

"पहाटे उठायची सवय आहे?"

"कोंबड्याच्या आदी!"

मी खूश. असा कोच पाहिजे! मग त्यानं माझं आडनाव विचारलं, मूळ गाव विचारलं. मी सांगितलं. त्याचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं कुणी ओळखीचं निघालं. अजिंक्य काय करतो तेही विचारलं. आता आईला मुलाबद्दल विचारल्यावर आई थांबते का? सगळं सांगितलं. निर्व्यसनी आहे, कामाला वाघ आहे, स्वतःचं ताट स्वतः धुतो. अजिंक्य मागून माझा पदर ओढत होता. मी त्याचा हात झटकला.

"सोलापूरला यायला तयार होईल का हो ती?" म्हटलं, आमच्या पोरींना आठ दिवस शिकवायला बोलवावं.

"का न्हाई व्हनार? पन येक हाय ताई." दुकानदारानं आवाज खाली आणला. "आबा म्हंत्यात, जमंपत्तूर ग्राऊंड. येकदा लग्न जमलं, की दुसऱ्या दिशी ग्राऊंड बंद. पोरगी रडती वो. तिचा जीव हाय त्या ग्राऊंडवर."

मी मनात म्हटलं, देवा, या मुलीचं लग्न काही इतक्यात जमवू नकोस रे!

बघा. म्हणणारी कोण, तर मी!

ग्राऊंड म्हणजे गावाबाहेर सपाट केलेला माळ. दोन बांबू, मध्ये जाळी. आम्ही बाभळीखाली उभे राहिलो. आणि मी गप्पच झाले, जी मी कधी होत नाही. त्या पोरी ओरडत होत्या! बॉल आला, की जिच्याकडं येईल ती घसा फोडून "माझा!" म्हणायची, आणि बाकीच्या तिला वाट करून द्यायच्या. एक नवी, बुजरी पोर होती. तिनं बॉल सुरेख उचलला, पण तोंडातून आवाज काढला नाही. दीपालीनं खेळ थांबवला.

"बॉल कुनाचा हुता?"

"माझा," ती पुटपुटली.

"मला न्हाई, त्या बाभळीला ऐकू जाऊदे."

"माझा!"

"घरात आपल्याला हळू बोलाय लावत्यात," दीपाली म्हणाली. "हितं न्हाई. हितं बोलल्याबिगर बॉल आपला व्हत न्हाई."

मला आमची कॅप्टन आठवली. मला वाटलं ती घेईल. आणि मी त्या पोरींना आजवर ग्राऊंडवर एकच गोष्ट न चुकता शिकवली होती, गप्प राहायची. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. त्या माळावर उभी राहून मी पदरानं डोळे पुसत होते, आणि ते माळाच्या पलीकडून येणाऱ्या दीपालीच्या काकानं बघितलं. त्याचा काय समज झाला असेल, ते आता तुम्हीच ओळखा.

"ताई, उनात कशाला? घरला चला की! आबा वाट बघाय लागल्यात."

मला वाटलं, कुणीतरी ओळखलं वाटतं मला, शाळेच्या बाई म्हणून. त्यानं दीपालीलाही हाक मारली. खेळ अर्धा टाकून ती घरी गेली, पोरी बॉल घेऊन तशाच उभ्या. मला ते जरा खटकलं. पण पाहुणचाराला नाही कसं म्हणायचं?

घरात सतरंजी अंथरलेली. शेजारच्या चार बायका येऊन बसलेल्या. आबा गिरणीतून धावत आलेले, नवी टोपी घातलेली पण भुवयांवर पीठ तसंच. पोहे आले. दीपाली साडी नेसून ट्रे घेऊन आली, मान खाली. मला वाटलं, सत्काराला म्हणून नेसली असेल. शिबिरातही पोरी नेसल्या होत्या की!

अजिंक्य कानाशी लागला. "आई, चल इथून. अगं, ही लोकं..."

"गप बस आणि पोहे खा," मी दटावलं.

तो गप बसला. पोहे खाऊ लागला. आज्ञाधारक आहे हो तो.

मग मी म्हटलं, आता मान करावा. उठले. दीपालीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, खांद्यावर चादर घातली, खण दिला, हातात नारळ ठेवला. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "अशी मुलगी मला आजवर बघायला मिळाली नाही!"

"कुंकू लावलं गं बाई!" एक म्हातारी ओरडली. दुसरीनं साखरेचा डबा उघडला. काकानं अजिंक्यला मिठी मारली, पोह्यांसकट.

आणि आबांनी हात जोडले. पिठाच्या भुवयांखालचे डोळे भरून आलेले. "पोरगी तुमची झाली, बाई. आता उद्यापासनं तिचं ग्राऊंड बंद. तुमास्नी बोल लागाय नको."

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला!

मी तोंड उघडलं. साऱ्या शाळेला एका हाकेत गप्प करणारी मी, त्या म्हाताऱ्या बापाकडं बघून माझी वाचाच बसली. मी अजिंक्यकडं बघितलं. अजिंक्यनं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं तो बोलेल. त्याला वाटलं मी बोलेन.

आणि खोलीत आवाज घुमला. "माझा!"

दीपाली ताडकन उभी राहिली होती. सवयीनं निघालं असावं तोंडातून. म्हातारीच्या हातातली साखर सांडली.

"आबा, ह्या बाई मला सून करायला न्हाई आल्या. ह्यांच्या गळ्यात बगा, शिट्टी हाय. शिट्टी घालून सून बगाय येतं का कुनी? मगाधरनं झाडाखाली हुब्या राहून आमचं ग्राऊंड बगत हुत्या."

मी गळ्याला हात लावला. होती की शिट्टी! अंघोळीला जातानाच काय ती काढते मी.

आबा हळूच खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांचा तो चेहरा मी विसरायची नाही. चार बायकांसमोर बापाला असं बसावं लागावं, आणि ते माझ्यामुळं. मी सतरंजीवर त्यांच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. आमचा हरलेला सामना, न सांगता येण्याचा नियम, दुकानातली चौकशी.

"माफ करा, आबा. गाढवपणा माझा आहे. तुमच्या लेकीचा यात काही दोष नाही."

आबांनी बाहीनं भुवयांवरचं पीठ पुसलं. मग म्हणाले, "म्हंजे तुमी हिच्याकडनं शिकाय आला?"

"हो."

"सोलापुरास्नं?"

"हो, आबा."

"पन तुमी शाळंत शिकवता की."

"शिकवते. पण मला येत नाही. हिला येतं."

आबांनी लेकीकडं वर बघितलं, जणू पहिल्यांदाच. "मला वाटायचं, पोरगी नुसती उड्या मारती."

ते उठले. तिच्या हातातला नारळ काढून घेतला. मला वाटलं, आता परत करणार, आणि केला असता तरी माझं काही म्हणणं नव्हतं. पण ते म्हणाले, "देवाम्होरं न्हाई, ह्यो ग्राऊंडवरच फोडू. चला बाई. शिकाय आला ना? मग रिकामं जाऊ नका. आजपास्नं ग्राऊंड बंद व्हनार न्हाई, स्थळ येऊदे न्हाईतर न येऊदे."

नारळ बांबूपाशी फुटला. दीपालीनं साडी खोचली आणि शिट्टी माझीच मागून घेतली. मग मी, माझं वय काय, गुडघे काय, पण त्या पोरींच्यात उभी राहून "माझा! माझा!" ओरडले. पहिल्या वेळी दीपाली म्हणाली, "बाई, बाभळीला ऐकू आलं न्हाई." पुन्हा ओरडले. पुढच्या महिन्यात ती आमच्या पोरींना शिकवायला येणार आहे, आबांना घेऊन.

परत निघालो तेव्हा मी गाडीवर मागं बसून एकसारखी बोलत होते. केवढा अनर्थ टळला, मुलगी कशी वेळेवर बोलली, आपणही असं बोलायला शिकलं पाहिजे, वगैरे. बराच रस्ता गेल्यावर अजिंक्य म्हणाला, "आई, मला आवडली होती ती."

"काय?"

"दीपाली. मला पसंत होती."

मी गाडी थांबवायला लावली. खाली उतरले.

"अरे मेल्या! मग तिथं एवढं सगळं जमून आलं होतं, तेव्हा तोंड उघडायला काय झालं होतं तुला?"

तो गरीब चेहरा करून म्हणाला, "तूच म्हणालीस की. गप बस आणि पोहे खा."